इंजेक्शनच्या बाटलीतलं बी

बाप आत मशीनवर श्वास घेतोय आणि पोरगा बाहेर बाकड्यावर दुकान मांडून बसलाय, हे बघून सगुणाबाईला शिसारी आली. घोटीकडच्या एका बाईचा भाऊ आयसीयूत होता. तिच्या हातातली औषधाची चिठ्ठी सोमनाथनं मागून घेतली होती आणि तो तिला समजावत होता, की ही गोळी फारच मवाळ लिहिलीय, माझ्याकडं आला असता तर याच्यापेक्षा जालीम दिली असती, दोन दिवसांत उठून बसला असता. ती बिचारी तोंड उघडं टाकून ऐकत होती. शेवटी त्यानं खिशातून दुकानाचं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं.

सगुणाबाई समोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ. तुझा बाप अजून जित्ता हाय. गिऱ्हाईक करायला दुसरी जागा बघ."

"आई, लोकांना मदत करून राह्यलो मी."

"आत जाऊन बापाच्या पायावर हात ठेव जरा. ती मदत कर."

तो उठला, पण आत गेला नाही. पान खाऊन येतो म्हणून जिन्यानं खाली उतरला. घोटीच्या बाईनं कार्ड कमरेच्या पिशवीत जपून ठेवलं, आणि सगुणाबाईचा संताप आणखी वाढला.

सोमनाथ तिचा थोरला. मखमलाबादच्या शिवारात कालव्याच्या कडेला त्यांचा मळा, शेवंती, झेंडू, वांगी, मेथी. धाकटा वाळू मळ्यात राबायचा आणि थोरल्यानं पेठ नाक्यावर मेडिकल टाकलं होतं. बारावी सायन्स झाल्यावर कॉलेजात दोन वर्षं आपटून तो घरी आला होता. दुकानाच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं सर्टिफिकेट दुसऱ्याचं होतं. तो माणूस कधी दुकानात फिरकायचा नाही, काउंटरवर बसायचा सोमनाथ. पण पेठ-सुरगाण्याकडून उतरणारे मजूर आणि मळ्यामळ्यातले लोक त्याला डॉक्टरच म्हणायचे. ताप आला, खोकला झाला, पोरगं हागायला लागलं, की लोक आधी सोमनाथकडं. तो कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापायचा. लाल-पिवळ्या कॅप्सूल दोन, पांढरी गोळी एक, कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा आणि सांगायचा, बरं वाटलं की बंद कर, उगाच अंगात उष्णता नको. माणसाला बरं वाटायचं. सोमनाथच्या हाताला गुण हाय, असं पंचवटीच्या मार्केटात कुणी म्हटलं, की सगुणाबाई मेथीच्या जुड्या रचता रचता मान अशी वर करायची, की डोक्यावरचा पदर खाली यावा.

तिची शाळा दुसरीपर्यंत. सही करता यायची, पाट्या वाचता यायच्या, त्यापुढं नाही. पण कुणी तिला अडाणी म्हणायची हिंमत केली नव्हती. मळ्यात कुणाचं भांडण लागलं, तर बाप्ये आधी तिच्याकडं बघायचे, मग एकमेकांकडं.

तिचा नवरा पुंजाबाबा तिच्या अगदी उलट. त्याचा आवाज कुणी फारसा ऐकलाच नव्हता. पहाटे फुलं तोडायची, हारांच्या टोपल्या भरायच्या, कुणी काही विचारलं तर हसायचं. दोन वर्षांपासून त्याला लघवीचा त्रास होता. जळजळ, तुंबणं, कधी ताप. असल्या जागेचं दुखणं परक्या डॉक्टरपुढं काढायची त्याला लाज वाटायची, बायकोलाही त्यानं ते उशिराच सांगितलं. घरचा डॉक्टर होताच. सोमनाथ संध्याकाळी दुकान बंद करून आला, की बापाला पडवीत पालथं घालून सुई टोचायचा. बाटलीत भुकटी असायची, तिच्यात पाणी घालून हलवायचं आणि ओढून घ्यायचं. फार भारी औषध हाय, तो म्हणायचा, मोठ्या हॉस्पिटलातच वापरतात. एक-दोन सुयांत जळजळ थांबली, की तोही थांबायचा. महिना-दीड महिन्यानं पुन्हा तेच.

त्या हिवाळ्यात दोन सुयांनी काही झालं नाही. चार झाल्या, तरी ताप हटेना. म्हाताऱ्याला हुडहुडी भरायला लागली आणि तो शेवंतीला पाणी घालायला वाळूऐवजी मेलेल्या भावाला हाक मारायला लागला. मग सोमनाथनं त्याला ओळखीच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये टाकलं. तिथं लघवीला नळी घातली, सलाईनवर सलाईन लावलं, आणि एका सकाळी त्याला धाप लागली, ती थांबेना. तिथल्या डॉक्टरनं हात वर केले. ॲम्ब्युलन्समधून गंगापूर रोडच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. सोमनाथ बरोबर आला. सगुणाबाई तेव्हा घरी होती, दिवसभर उपाशी, देवापुढं.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिनं आयसीयू पाहिलं.

दारातच शिपाई ओरडला, चपला काढा. चपला काढून तिथल्या निळ्या सपाता पायांत घातल्या, तर त्या आतून ओल्या. कुणाच्या पायानं ओल्या, देव जाणे. आत गार हवा, खिडक्या बंद, फिनेल आणि माणसाच्या विष्ठेचा मिळून एक वास. पुंजाबाबाच्या तोंडात नळी, नाकात नळी, खाली पिशवी. नळ्या ओढू नयेत म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या गजाला बांधलेले. हार गुंफणारी ती बोटं सुजून केळाच्या घडासारखी झाली होती. सगुणाबाई रडली नाही. तिथं रडायलाही तिला घाण वाटली.

ती पलंगाशी उभी राहून बघत राहिली. वॉर्डबॉयनं शेजारच्या पेशंटची लघवीची पिशवी डब्यात रिकामी केली आणि त्याच हातमोज्यांनी पुंजाबाबाच्या तोंडाजवळची नळी सरळ केली. एक डॉक्टर एका माणसाच्या पोटावरची जखम दाबून बघून आला आणि तसाच येऊन म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या पापण्या वर करून बघू लागला. कोपऱ्यात बेसिन होतं. त्यावर साबणाची झिजलेली चकती, तिला चिकटलेला एक लांब केस आणि बाजूला सगळ्यांचा मिळून एक टॉवेल, ओला, पिवळा पडलेला. तिच्या गोठ्यातलं पोतेरं त्याहून बरं होतं.

"डाक्टर," ती म्हणाली, "तुम्ही माझी चप्पल बाहेर काढायला लावली. मग हे हात कसे आत आले?"

तरुण डॉक्टर होता, रात्रभर जागलेला. तो जरा हसला. आजी, ग्लोव्हज घालतात सगळे, असं त्यानं सांगितलं.

"ते मोजे तुमच्या माणसाच्या हाताला घाण लागू नाय म्हणून हायत. माझ्या मालकाला लागू नाय म्हणून नायत."

तो पुन्हा हसला, नर्सकडं बघून त्यानं भुवई उडवली आणि पुढच्या पलंगाकडं वळला. हात न धुता. सगुणाबाईनं पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि नवऱ्याचं कपाळ, पापण्या, ओठांच्या कडा पुसून काढल्या. नर्सनं तिला हटकलं, पेशंटला हात लावू नका, इन्फेक्शन होईल. त्या वेळी सगुणाबाई जे बोलली, ते नर्सला कळलं नाही, हे बरं झालं.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ भेटायच्या वेळी ती आत जायची आणि रोज कुणाला ना कुणाला हात धुवायला लावायची. काही धुवायचे, काही चिडायचे. एका वॉर्डबॉयनं तर तिला बघताच बेसिनकडं पळायला सुरुवात केली. म्हातारा मात्र तसाच होता. रोज बाटलीतून औषध जात होतं आणि ताप जागचा हलत नव्हता.

त्या तरुण डॉक्टरनंच एकदा तिला समजावलं होतं, की लघवी आणि रक्त तपासायला पाठवलंय. जंतू बशीत पेरतात, ते उगवले की त्यांच्यावर वेगवेगळी औषधं टाकून बघतात, कुठल्यानं मरतात ते. तिला ते पटकन समजलं. पेरायचं म्हटलं की उगवायला वेळ लागणारच, त्यात डॉक्टरचा दोष नाही. तोपर्यंत काय देता, असं तिनं विचारलं. अंदाजानं देतो, तो म्हणाला, आधी काय दिलं होतं ते विचारून.

ते वाक्य तेव्हा तिच्या डोक्यावरून गेलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मोठ्या डॉक्टरनं घरच्यांना आत बोलावलं. सगुणाबाई, सोमनाथ, वाळू. डॉक्टर पन्नाशीचा, थकलेला, पण बोलण्यात आडपडदा नसलेला माणूस. त्यानं सरळ सांगितलं, की जंतू फार चिवट निघालाय. आपण देतोय त्या औषधाला तो दाद देत नाही, त्या औषधाच्या जातीच्या दुसऱ्या औषधांनाही नाही. आता एकच औषध उरलंय, ते आजपासून सुरू करतो, पण किडन्या दमल्या आहेत, आशा थोडी.

"मला एकच कळत नाही," तो सोमनाथकडं वळून म्हणाला. "एवढा सरावलेला जंतू पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माणसात? तुम्ही नक्की म्हणालात ना, आधी कसलंच अँटिबायोटिक दिलेलं नाही?"

"नाही सर," सोमनाथ म्हणाला. "पहिल्या दिवशीच सांगितलं ना. फक्त तापाची साधी गोळी. नर्सिंग होममध्ये काय दिलं असेल ते."

वाळू खाली बघायला लागला. सगुणाबाई सोमनाथकडं बघत होती. त्याच्या कपाळावर घाम होता, त्या गार खोलीत.

"सोमनाथ," ती म्हणाली, "पडवीत बाबाला सुया कोण देत होतं?"

"आई, त्या साध्या ताकदीच्या होत्या. तुला नाही कळत त्यातलं."

तिला खरंच कळत नव्हतं. औषधाचं नाव तिला माहीत नव्हतं, ते तिनं कधी विचारलंही नव्हतं. पण बाटल्या तिच्याकडं होत्या. सोमनाथनं सुई दिली की रिकामी बाटली ती ठेवून घ्यायची. वरचा पत्रा काढला की आत रबराचं घट्ट बूच, हवा शिरत नाही, मुंगी शिरत नाही. बी ठेवायला त्याहून चांगलं काही नाही. दोन वर्षांत तिनं घरची वांगी, कारली, भोपळे, सगळं बी त्यातच राखेत घोळवून भरलं होतं. वांग्याचं बी मागायला आलेल्या शेजारच्या नवसाबाईलाही तिनं बाटलीसकट दिलं होतं. बाटल्यांवरचे कागद तिनं कधी धुतले नव्हते. कशाला धुवायचे?

"वाळू," ती म्हणाली, "गाडी काढ. घरी जा. देवघराच्या फळीवर माझा बियांचा डबा हाय, तो घेऊन ये."

सोमनाथ मध्ये पडला, डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, असं तो म्हणू लागला. डॉक्टरनं हात वर करून त्याला थांबवलं आणि वाळूला म्हटलं, जा तुम्ही.

वाळू बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला, तेव्हा डॉक्टर जेवण टाकून उठून आला. सगुणाबाईनं झाकण काढलं. छोट्या काचेच्या बाटल्या दाटीनं उभ्या होत्या, आत पिवळं चपटं बी, काळं बी, राख. डॉक्टरनं एक उचलली, उजेडाकडं धरली आणि कागदावरची राख अंगठ्यानं पुसली. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्यांवर एकच नाव होतं.

"हेच," तो म्हणाला. "हेच आम्ही इथं देत बसलो."

मग डॉक्टर खुर्चीत बसला आणि सगुणाबाईशी बोलला, सोमनाथशी नाही. तो म्हणाला, की हा जंतू कोणत्या दारानं आला, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. घरून आला असेल, त्या नळीतून आला असेल, आमच्याकडचा असेल. पण तुमच्या मालकांच्या अंगात जे काही होतं, त्याला ही थोडी थोडी सुई देऊन हेच औषध पचवायला शिकवलं गेलं होतं. हे पहिल्या दिवशी कळलं असतं, तर मी हे औषध सुरूच केलं नसतं. मधले दिवस हातात होते.

"ते दिवस हातात असते, तर उठले असते?" तिनं विचारलं.

"उठलेच असते असं नाही म्हणत, आजी. लढाई तरी नीट झाली असती."

बाहेर आल्यावर सोमनाथ तिच्यावर उखडला. चारचौघांत तू माझी अब्रू काढली, म्हणाला. मी औषध दिलं हे कागदावर आलं तर लायसनवाला आपलं सर्टिफिकेट काढून नेईल, दुकानाला टाळं लागेल, पोरंबाळं कुठं जातील. मी काय मुद्दाम केलं? बाबाला बरं वाटत होतं ना? तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. त्या सगळ्या बोलण्यात बाप जगेल का, हे एकदाही आलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं. पण ओठांच्या आत आंबूस चव आली, ती तिच्यानं गिळवेना.

नवीन औषध सुरू झालं. ताप एक पायरी उतरला, तेवढंच. मग लघवी बंद झाली. एका दुपारी भेटायच्या वेळेआधीच तिला आत बोलावलं, तेव्हा नळ्या काढून झाल्या होत्या आणि हातांच्या पट्ट्या सोडून कुणीतरी हात छातीवर नीट ठेवले होते. तिनं ते हात हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. म्हातारा शेवटपर्यंत कुणाला काही बोलला नाही, नळीमुळं बोलता आलं नसतं, आणि नळी नसती तरी तो बोललाच असता असं नाही.

दिवस झाले, तेरावं झालं. मळ्यात शेवंतीचा बहर तोडायचा राहून गेला होता, फुलं झाडावर तपकिरी पडली. पुढच्या वर्षी सिंहस्थ, आत्तापासून हारवाले आगाऊ बोलणी करायला येत होते, वाळू त्यांना परतवून लावत होता. सगुणाबाई कुणाशी जास्त बोलत नव्हती. भेटायला येणाऱ्या बायकांना ती एवढंच म्हणायची, त्यांची वेळ भरली होती. पोटच्या पोराचं नाव तिनं कुणापुढं घेतलं नाही.

मग एका सकाळी सोमनाथ माणसं घेऊन आला. भाऊबंदांतले दहा-बारा जण, एक छोट्या पेपरचा माणूस, गळ्यात कॅमेरा. वाळूचा फुलांचा टेम्पो त्यानं परस्पर बाहेर उभा करायला लावला होता. सगुणाबाई पडवीत मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मार्केटला दुपारी जायचं होतं. समोर सिंधुबाई, तिची चुलतजाऊ, तिला भाजी निवडून देत होती.

सोमनाथनं पेपरवाल्याला सांगायला सुरुवात केली. आवाज कापरा, डोळ्यांत पाणी. माझा बाप चांगला चालता-बोलता होता, त्या हॉस्पिटलात नेला आणि तिथला जंतू त्याला लागला. आयसीयूत कुणी हात धूत नाही, एकाची घाण दुसऱ्याला लावतात. आमच्या आईनं डोळ्यांनी बघितलंय. आज आम्ही गेटवर बसणार, जाब विचारणार, असल्या हॉस्पिटलला टाळं लागलं पाहिजे. भाऊबंद माना डोलवत होते. एक म्हातारा म्हणाला, खरं हाय, पुंजाभाऊसारखा गरीब माणूस हकनाक गेला. सिंधुबाईनं पदर डोळ्यांना लावला.

पेपरवाला सगुणाबाईसमोर वाकला. आजी, तुम्ही बघितलं ना?

"बघितलं," ती म्हणाली. "साबणाला केस चिकटलेला व्हता. लघवीच्या डब्यातले हात त्यांनी माझ्या मालकाच्या तोंडाला लावले. लिहून घे."

त्यानं लिहून घेतलं. सोमनाथचा चेहरा उजळला. तो पुढं आला, तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, चल आई, तू नुसती पुढं बस, बाकी आम्ही बघतो. विधवा बाई पुढं असली की पोलिसही हात लावत नाहीत. त्यानं तिला उठवायला दंडाला धरलं.

त्याच्या हातांना अत्तराचा वास येत होता. सगुणाबाईनं आपला दंड सोडवून घेतला, हातातली जुडी पुरी केली, गाठ मारली आणि टोपलीत ठेवली. पण ती उठली नाही. बसल्या बसल्याच सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"त्यांचे हात घाण व्हते. ते मी त्यांना तिथंच सांगितलं, तोंडावर. माझ्या धन्यासाठी पुन्हा सांगायला मी एकटी जाईन, टेम्पो नको. पण त्या डाक्टरनं तुला इचारलं व्हतं, आधी काय दिलं. बाप आत पडलेला, अन् तुला नुसतं खरं बोलायचं व्हतं. तू दुकान वाचवलं."

"आई, लोकं बसलीत—"

"बसू दे. तुझ्या कौतुकाला बसत व्हते, आता हेबी ऐकू दे त्यांना." ती त्याच्याकडं बघत होती, डोळ्याला डोळा देऊन, पेपरवाल्याकडं नाही, भाऊबंदांकडं नाही. "सोमनाथ, त्या जंतूला काय ठाव, तो कुणाचा बाप व्हता. तुला ठाव व्हतं."